काउंटी कचेरीतल्या त्या बाईंचे आभार

माझ्या अमेरिकन सासऱ्यांचे पणजोबा १८६२च्या होमस्टेड कायद्याखाली (सरकारी जमिनीवर घर बांधून ती काही वर्षं कसली, की ती नावावर होई) नेब्रास्कात जमीन कसायला आले, एवढंच घरात ठाऊक होतं. १८९०च्या जनगणनेची बहुतेक कागदपत्रं १९२१च्या आगीनंतर नष्ट झालेली, त्यामुळे पुढचा शोध अडला. काउंटी कचेरीतल्या बाईंनी जेवणाची सुट्टी सोडून जमीन-नोंदींची जाडजूड बाडं उपसली. आडनाव भलतंच लिहिलेलं; त्यांनी उच्चारावरून हुडकलं. सासऱ्यांना कमी दिसतं, म्हणून शेजारी बसून, ओळीवर बोट ठेवत, ते लपेटीदार अक्षर सावकाश वाचून दाखवलं. १६० एकर! सासरे तसे अबोल, पण त्या दिवशी खुलले. बाईंनी दिलेल्या दाखला क्रमांकावरून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून अख्खी फाइल आली: मातीच्या ढेकळांचं घर, नांगरट, शेजाऱ्यांच्या साक्षी. तुम्ही नको म्हणालात म्हणून नाव लिहीत नाही. मनापासून आभार, बाई.