मधली दोन वर्षं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत संकटातून उभ्या राहिलेल्या माणसांवर लेख आला होता. आमच्या भजनी मंडळात तो मोठ्याने वाचला गेला आणि वाचून संपल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. ‘इष्टापत्ती म्हणतात ती हीच,’ आमचे पखवाजवाले बुवा म्हणाले. ‘बोटं गेली नसती तर अजून प्रेसवरच खपत असतास.’ बुवांचं म्हणणं खोटं नाही. तरी ते ऐकल्यापासून काहीतरी टोचतंय, म्हणून हे पत्र.

मी पेटी दुरुस्त करतो. पेटी म्हणजे हार्मोनिअम. पुण्याजवळ भोसरीत दहा बाय बाराचा गाळा आहे. ज्येष्ठ लागला की पाय ठेवायला जागा नसते, कारण वारीआधी सगळ्या मंडळांना आपली पेटी एकदम आठवते. वर्षभर देवळाच्या कोपऱ्यात पडलेली पेटी उघडली की आत झुरळं, उदबत्तीची राख, तांदळाचे दाणे, एकदा तर कुणाचं तरी मंगळसूत्राचं पेंडलही सापडलं. ते परत दिलं. गाळा स्वतःचा आहे, मुलगी शिकून नोकरीला लागली आहे. रात्री झोप लागते. प्रेसशॉपमध्ये राहिलो असतो तर यातलं काय झालं असतं, सांगता येत नाही.

आता बोटांचं. १९९७ साली मी एका कारखान्यात पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा साच्यात दाबून घडवणाऱ्या यंत्रावर, ऑपरेटर होतो. कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा दट्ट्या, खाली यायचा, म्हणजे त्या क्षणी हात डायमध्ये, खालच्या साच्यात, असूच शकत नाही. साधी, शहाणी युक्ती. आमच्या प्रेसवर डावं बटण नीट चालत होतं आणि उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकलेली होती. ते बटण कायमचं दाबलेलं. मग उजव्या हाताने जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावायचा, डाव्याने स्ट्रोक मारायचा. तासाला नग वाढतात. ती पाचर मी आठ महिने रोज बघत होतो. काढली नाही. वाढीव नगांचा इन्सेंटिव्ह मलाही हवाच होता.

रात्रपाळीत पहाटे चारच्या सुमाराला एक जॉब डायमध्ये अडकला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही मुळापासून गेली. आवाज नेहमीच्या स्ट्रोकचाच आला, हे मात्र अजून डोक्यातून जात नाही.

यंत्राचा धोकादायक भाग बंदिस्त हवा, असं कारखाने कायद्याच्या कलम २१ मध्ये १९४८ पासून लिहिलेलं होतं. मला ते नंतर कळलं, ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, मेडिकल बोर्डासमोर नंबर लागायची वाट बघत बाकावर बसलो असताना. शेजारी बसलेल्या एका जुन्या कामगाराला सगळा कायदा पाठ होता. कमाईची ताकद किती टक्के गेली, याची कायद्याला यादी जोडलेली असते; त्यानेच त्या अनुसूचीतला भाव सांगितला : तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधलं बोट पूर्ण गेलं तर १२. मी मनात बेरीज केली, २६. तो म्हणाला, ‘थांब. एका हाताची दोन बोटं एकदम गेली की २०.’ घाऊक खरेदीत दर पडतो तसं. मला २० टक्केच मिळाले. महिन्याला तीनशे-साडेतीनशे रुपये, आयुष्यभर.

काही महिन्यांनी कारखान्याने हलकं काम दिलं, नंतर तेही ‘नको’ झालं.

मी मंडळात पेटी वाजवायचो, तीही बंद पडली. घरात ती डोळ्यांसमोर नको म्हणून विकायला काढली. शनिवार पेठेतल्या एका वाड्यात एक म्हातारे गृहस्थ पेट्या घेतात-विकतात असं कळलं होतं. पीएमटीच्या बसने मनपाच्या स्टॉपला उतरलो, पेटी डोक्यावर घेतली आणि शिवाजी पुलावरून, शनिवारवाड्याच्या कडेने चालत वाड्यात गेलो. काकांनी पेटी उघडली, भाता दोनदा मारला आणि म्हणाले, ‘भाता गळतोय. सहाशे.’ मी म्हटलं, भाता नाही गळत, काळी चार पट्टीखालची झडप नीट बसत नाही. ‘कशावरून?’ मी भाता भरून ठेवला आणि कुठलीही पट्टी न दाबता थांबलो. बारीक, किरटा असा तोच एक सूर आपोआप बोलत होता. पट्टी उचलून झडपेखालचा कचरा फुंकून काढला, आवाज थांबला आणि भाता बराच वेळ भरलेला राहिला. काका माझ्या हाताकडे बघत होते. बोटांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, ‘पेटी घरी घेऊन जा. उद्या दहाला ये.’

पुढची दोन वर्षं मी रोज दहाला जात होतो.

सूर म्हणजे काय, ते वाजवणाऱ्यालाही फारसं ठाऊक नसतं. पितळेच्या चौकटीत रिवेट केलेली पितळेचीच एक पातळ जीभ, वारा लागला की थरथरते. टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. एक हात जास्त फिरला तर सूर पुढे निघून जातो आणि मग त्याला मागे आणताना जीभ आणखी पातळ होते. मी उजव्या हाताचा माणूस, घासायला शिकलो डाव्याने. पहिल्या दोन महिन्यांत सात सूर वाया घालवले. काकांनी ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकले आणि नव्यांचे पैसे स्वतः भरले. जिभेत केस अडकला तर काढायला मी कारखान्यातली फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पाती नेली, ती मात्र काकांना फार आवडली. मरेपर्यंत त्यांनी मला परत दिली नाहीत.

नर आणि मादी, म्हणजे एकाच पट्टीचे दोन सूर, एकत्र वाजवली आणि त्यांच्यात फरक असला तर आवाज डोलतो, वॉंव-वॉंव-वॉंव. फरक जसा कमी होतो तसं डोलणं मंदावतं, आणि एका जागी थांबतं. ते थांबलं की काका सुपारीचं खांड तोंडात टाकायचे. हीच शाबासकी.

आणखी एक सांगतो, थोडं विचित्र आहे. तुटलेल्या बोटांच्या थोटुकांवरची कातडी फार पातळ आणि फार हळवी आहे. थंडीत ठणकते. पण भात्याच्या घडीत चामडं कुठे चिरलं असेल आणि वारा सुटत असेल, तर ती जी गार फुंकर लागते ती थोटुकाला आधी कळते. धड बोटांना नाही. तिथे खडूची खूण करायची आणि चामडं चिकटवायचं. हे लोकांना सांगितलं की ते हात जोडतात, ‘माउलीची कृपा’ म्हणतात. माउलीशी माझं भांडण नाही. पण पाचर माउलीने ठोकली नव्हती.

काका नेहमी एक गोष्ट सांगायचे. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. पट्ट्यांना सूर बांधलेला, मींड निघत नाही, श्रुती सापडत नाही, वाद्य परदेशी, असे तिच्यावर आरोप होते आणि त्यातले काही खरेही आहेत. बंदी उठायला १९७१ उजाडलं. ‘एकतीस वर्षं,’ काका म्हणायचे, ‘रेडिओने हाकललं, पण देवळाने ठेवून घेतलं. कीर्तनकाराने ठेवून घेतलं. नाटकवाल्यांनी तर पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या काळापासून डोक्यावर घेतलं होतंच. म्हणून आज तू आणि मी पोट भरतोय.’ मला त्या वेळी ही नुसती पेटीची थोरवी वाटायची.

तर आता बुवांचा मुद्दा. काकांकडे पहिले आठ महिने मला पगार नव्हता. शिकवणं, चहा आणि दुपारचं जेवण. मग घर कशावर चाललं? ईएसआयच्या पैशांत भोसरीतल्या खोलीचं भाडं निघायचं. हिने शिलाई मशीन घेतलं होतं. त्यावर आजूबाजूच्या बायकांची ब्लाऊज आणि साडीला फॉल. मुलगी तेव्हा पोटात होती, सातव्या महिन्यापर्यंत ही मशीनवर बसली. आणि माझा थोरला भाऊ गावाहून दर तीन महिन्यांनी एसटीच्या टपावर ज्वारीचं पोतं टाकून द्यायचा. त्याला वहिनीने कधी नाही म्हटलं नाही, किंवा म्हटलं असेल तर माझ्यापर्यंत आलं नाही. या तीन गोष्टींपैकी एक जरी नसती तर मी तिसऱ्या महिन्यात कुठेतरी वॉचमन म्हणून उभा राहिलो असतो आणि आज बुवांनी माझ्याकडे बघून ‘बिचारा’ म्हटलं असतं.

हे मी अंदाजाने बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी चहाच्या टपरीवर एक बावीस वर्षांचा पोरगा माझ्या हाताकडे बघत होता. त्याने खिशातून स्वतःचा हात काढला. तीन बोटं गेलेली. प्रेसवरच. बिहारमधून ठेकेदारामार्फत आलेला. मी त्याच्याबरोबर चौकशीला गेलो तर कळलं, त्याचं ईएसआयचं कार्ड काढलेलंच नाही, हजेरीपत्रकात नावही नाही. कागदावर तो त्या कारखान्यात कधी आलाच नव्हता. ठेकेदाराने काही हजार हातावर ठेवले होते, ते औषधात आणि खाण्यात संपले.

त्याला गाळ्यावर बसवलं. कान माझ्यापेक्षा तिखट होता. चौथ्या दिवशी त्याने डोळे मिटून कुठला सूर उतरलाय ते सांगितलं आणि ते बरोबर निघालं. मी त्याला जे काकांनी मला दिलं तेच देत होतो : शिकवणं, चहा, दुपारचं जेवण. मला वाटत होतं, मी काकांची परतफेड करतोय. बाराव्या दिवशी तो बॅग घेऊन दारात उभा राहिला. ‘चाचा, घर पे पैसा भेजना है.’ कुठल्याशा गोदामात माल मोजायचं काम मिळालं होतं.

मी त्याला महिना पाच-सहा हजार देऊ शकलो असतो का? त्या महिन्यात नाही. दोन महिन्यांनी, वारीच्या कामाचे पैसे आल्यावर, कदाचित. हा हिशोब मी अधूनमधून पुन्हा करून बघतो. अपघात आम्हा दोघांना सारखाच झाला होता. कान त्याच्याकडेही होता, जिद्द तर माझ्यापेक्षा जास्तच. त्याला थांबायला सवड नव्हती.

म्हणून आपल्याला एवढीच विनंती की संकटातून वर आलेल्या माणसाला आपले प्रतिनिधी भेटायला जातील तेव्हा जिद्द वगैरे जरूर विचारावं, पण एक प्रश्न आणखी विचारावा : मधल्या दोन वर्षांत घर कशावर चाललं? उत्तरात कुणाच्या तरी बायकोचं मशीन निघेल, कुणाचा भाऊ निघेल, कुठली तरी पेन्शन, कुठली तरी फी माफ करणारी शाळा निघेल. तेही छापावं. आणि संकट ज्याने आणलं त्यालाही विचारावं, पाचर काढली का म्हणून.

परवा बुवांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘एवढं लांबण कशाला, चांगलं झालं ना शेवटी?’ झालं ना. मी कुठे नाही म्हणतोय.

यंदा आषाढी झाली की एका शिकाऊला पहिल्या दिवसापासून पैसे देऊन ठेवायचं ठरवलं आहे. महिना किती द्यायचे, यावर घरात बोलणी चालू आहेत. ही म्हणते आठ, मी म्हणतोय सहा, आणि ही बहुतेक जिंकणार असं दिसतंय.

आपला,
एक पेटी दुरुस्त करणारा, भोसरी

(कारखाना अजून चालू आहे आणि तिथे माझ्या ओळखीची माणसं कामाला आहेत, तेव्हा माझं नाव छापू नये.)