अंतऱ्यात दडलेलं नाव

कोल्हापूर, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा म्हणालीस ना, "बाबा, मोबाईल मला तेच चार गायक फिरवून फिरवून ऐकवतो, कंटाळा आला"? दूध उतू जात होतं म्हणून मी फोन ठेवला, पण ते डोक्यात राहिलं. तू गायकांच्या मागे लागली आहेस. थोडे दिवस बंदिश, म्हणजे रागात बांधलेलं गीत, बांधणाऱ्याच्या मागे लागून बघ.

आपल्या कॅसेटींवर गायक, राग, ताल, तबल्यावर कोण, सगळं छापलेलं असायचं. बंदिश कोणाची, याचा पत्ता नाही. मला हा अन्यायच वाटतो. पण बांधणारे हुशार; आपली मुद्रा, म्हणजे टोपणनाव, ते बहुधा अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, गुंफून ठेवतात. कॉलेजात असताना 'सदारंगीले मोमदसा' मी कितीदा ऐकलं आणि 'मोमदसा' म्हणजे मेणासारखी दशा, असा अर्थ लावून मोकळा झालो! आमच्या मास्तरांना विचारलं, तर "शब्दांकडे नको, सुरांकडे बघ" म्हणाले. पुढे कळलं, तो दिल्लीचा बादशहा मुहम्मदशहा, १७१९ ते १७४८ गादीवर असलेला. आणि सदारंग म्हणजे त्याच्या दरबारातले बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे, नियामत खाँ.

एकदा कान तयार झाला की नावं सापडत जातात. आग्रा घराण्याच्या गायकांकडे तर 'पियां'ची रांगच आहे: फैयाज खाँ 'प्रेमपिया', विलायत हुसेन खाँ 'प्राणपिया', आणि अगदी अलीकडचे बबनराव हळदणकर 'रसपिया'. अलाहाबादचे रामाश्रेय झा 'रामरंग'. त्यांच्या 'अभिनव गीतांजली' या पुस्तकाचे पाच भाग मिळाले तर सोडू नकोस.

पण सुरुवात जोगकंस रागापासून कर. 'पीर पराई' किशोरीताईंचं ऐक, मग अभिषेकीबुवांचं. शुद्ध गंधारावरून मध्यमावर जाऊन उतरताना कोमल गंधार लागतो, तिथे मला अजूनही चहाचा कप खाली ठेवावा लागतो. तो रागही आणि ती बंदिशही जगन्नाथबुवा पुरोहितांची, मुद्रा 'गुणिदास'. १९६८ साली गेले. म्हणजे ज्याला आपण जुनंपुराणं समजतो, ते करणारा माणूस तुझ्या आजोबांच्या काळात हिंडत-फिरत होता. त्यांचे शिष्य सी. आर. व्यास, त्यांनी 'गुणीजान' नाव घेतलं. गुरूच्या नावातला 'गुणी' तेवढा जवळ ठेवला. त्यांचा धनकोनी कल्याण राग दुसऱ्या दिवशी ऐक, एकाच दिवशी नको. तुझी सवय मला माहीत आहे, सगळा डबा एकदम उघडायची.

शब्द नीट कळेपर्यंत अंतरा मागे नेऊन नेऊन ऐक. आम्हाला त्यासाठी पेन्सिल घालून रीळ फिरवावं लागायचं.

काल कपाटातली माझी जोगकंसाची कॅसेट काढली. वर माझ्याच अक्षरात 'बंदिश – पारंपरिक' असं लिहिलेलं होतं. खोडलं.

तुझा,
बाबा