बॅरन बेटाची बातमी उद्रेकाबरोबर संपू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंदमान समुद्रातील बॅरन बेटावरच्या ज्वालामुखीचा १३ आणि २० सप्टेंबर २०२५ रोजी सौम्य उद्रेक झाला. नौदलाने टिपलेली त्याची चित्रफीत दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीवर सगळ्यांनी पाहिली. 'भारतातील एकमेव जिवंत ज्वालामुखी पुन्हा जागा' अशा मथळ्याच्या बातम्या एक-दोन दिवस आल्या आणि मग तो विषय मिटला. तीस वर्षांहून अधिक काळ महाविद्यालयात भूशास्त्र शिकवलेला माणूस म्हणून मला या मिटण्याबद्दलच लिहायचे आहे. लाव्हा लाल दिसतो तोवर त्याचे छायाचित्र मिळते, पण त्याचे भूशास्त्र तो काळा पडून थंड झाल्यावर हाती येते, आणि नेमका तोच भाग वाचकांपर्यंत पोहोचत नाही.

हे बेट म्हणजे समुद्रातली एक लहानशी टेकडी, असा समज बातम्यांवरून होतो. पाण्यावर दिसणारे बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद आणि सुमारे ३५० मीटर उंच आहे हे खरे, पण त्याचा पाया समुद्रसपाटीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर आहे. पायथ्यापासून मोजले तर हा डोंगर कळसूबाईपेक्षा सुमारे हजार मीटरने उंच भरतो, आणि आपण त्याचा केवळ माथा पाहत असतो. या माथ्यावर सुमारे दोन किलोमीटर व्यासाचा, कड्यांनी वेढलेला एक जुना खळगा आहे, ज्याला कॅल्डेरा म्हणतात. त्याच्या मधोमध राख आणि सच्छिद्र दगडगोट्यांचा शंकू उभा आहे. कॅल्डेराची भिंत पश्चिमेला फुटलेली असल्यामुळे शंकूतून निघालेला लाव्हा त्याच वाटेने समुद्राकडे जातो. १७८७ पासूनच्या उद्रेकांच्या लेखी नोंदी उपलब्ध आहेत. १८३२ नंतर दीड शतकाहून अधिक काळ बेट शांत राहिले, मग मार्च १९९१ मध्ये ते पुन्हा पेटले, आणि १९९४-९५, २००५-०६, २०१७ असे करत हा क्रम आजपर्यंत चालू आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ज्वालामुखी म्हटले की आपला काळा कातळ आठवतो, आणि 'सह्याद्री ज्याने घडवला तीच आग अंदमानात अजून धगधगते आहे' असे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. ते बरोबर नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांतून थरावर थर पसरत गेला, आणि त्यामागे प्रावरणातून, म्हणजे भूकवचाखालच्या तप्त खडकांच्या जाड थरातून, वर आलेला अतितप्त स्तंभ होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बॅरनचे कारण वेगळे आहे. तिथे भारतीय भूपट्ट अंदमानच्या पश्चिमेकडून बर्मा भूपट्टाखाली सरकतो आणि खाली जाताना समुद्रतळाच्या खडकांत मुरलेले पाणी बरोबर नेतो. सुमारे शंभर किलोमीटर खोलीवर हे पाणी खडकातून सुटून वरच्या प्रावरणात शिरते आणि तिथल्या खडकाचा द्रवणांक उतरवते. बर्फावर मीठ टाकल्यावर उष्णता न वाढवताही बर्फ विरघळू लागतो, तसाच हा प्रकार आहे. अशा रीतीने तयार झालेला शिलारस वर येतो, आणि इंडोनेशियापासून निघालेल्या ज्वालामुखींच्या मोठ्या कमानीचे उत्तरेकडचे शेवटचे जिवंत टोक म्हणजे बॅरन बेट.

तरीही आपल्या मातीशी याचा एक संबंध आहे, तो हातात दगड घेतल्यावर कळतो. कसारा घाटात विद्यार्थ्यांना नेले की मी त्यांना एका विशिष्ट थरापाशी थांबवत असे. तिथल्या काळ्या बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजाचे पांढुरके, बोटाच्या पेराएवढे चपटे स्फटिक एकमेकांत अडकलेले दिसतात. एवढे मोठे स्फटिक लाव्हा जमिनीवर आल्यावर तयार होत नाहीत. ते खाली, शिलारसाच्या साठ्यात, सावकाश वाढलेले असतात आणि नंतर वर वाहून येतात. बॅरनच्या लाव्ह्यातही प्लॅजिओक्लेजचे स्फटिक भरपूर आहेत, पण त्यांतले काही त्या लाव्ह्याचे नाहीतच. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेचे ज्योतिरंजन रे, आयआयटी मुंबईचे कांचन पांडे आणि पाँडिचेरी विद्यापीठाचे रजनीश भुतानी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कालमापनानुसार बेटावरचे सर्वांत जुने लाव्हाप्रवाह सुमारे १६ लाख वर्षांपूर्वीचे आहेत, मात्र त्यांतले काही स्फटिक सुमारे १०.६ कोटी वर्षांचे निघाले. म्हणजे वर येता येता शिलारसाने खोलवरच्या जुन्या भूकवचाचे कण ओरबाडून आणले, आणि ते कण आपल्या सह्याद्रीच्या कातळाहूनही जुने आहेत. समुद्राखाली कोणते खडक आहेत हे छिद्र न पाडता सांगणारा हा मोलाचा पुरावा आहे, आणि तो थंड झालेल्या दगडातच सापडतो.

सप्टेंबरमधल्या बातम्यांत आणखी एक गोष्ट ठामपणे लिहिली गेली होती. दुसऱ्या उद्रेकाच्या दोनेक दिवस आधी त्या भागात ४.२ तीव्रतेचा भूकंप झाला होता, तेव्हा 'भूकंपाने ज्वालामुखी जागा केला' असा निष्कर्ष काढून अनेक जण मोकळे झाले. या तीव्रतेचे भूकंप जगात दर वर्षी हजारोंनी होतात. शिवाय पहिला उद्रेक त्या भूकंपाच्या आधीच झालेला होता, हे साधे कालक्रमाचे भानही राखले गेले नाही. २६ डिसेंबर २००४ च्या महाभूकंपानंतर पाच महिन्यांनी बॅरन पेटले, आणि त्या दोहोंचा संबंध असू शकेल असे म्हणायला जागा आहे. पण ९.१ तीव्रतेच्या त्या भूकंपातून सुटलेली ऊर्जा ४.२ तीव्रतेच्या भूकंपाच्या दोन कोटी पटींहून अधिक असते. दोन्ही घटनांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. त्यातच १९९१ चा उद्रेक अशा कोणत्याही महाभूकंपाशिवाय झाला होता.

आता उद्रेक शमल्यानंतर बेटावर काय घडते ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी बोटीतून या बेटाला फेरी मारली आहे. सामान्य प्रवाशाला तिथे उतरण्याची परवानगी नसते, आणि ते योग्यच आहे. बेटाचे नाव 'ओसाड' या अर्थाचे असले तरी जुन्या कड्यांच्या बाहेरच्या उतारांवर दाट हिरवी झाडी होती. बोट पश्चिमेच्या खिंडारासमोर आली तशी ती हिरवाई एकदम तुटली आणि काळ्या, अणकुचीदार धोंड्यांची एक रुंद जीभ थेट पाण्यात उतरलेली दिसली. हा 'आ-आ' प्रकारचा लाव्हा. त्याचा पृष्ठभाग चालताना चामडी बूटही फाडील इतका करकरीत असतो. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच बेटावर एक घट्ट प्रवाह नोंदवला आहे. नळीतून टूथपेस्ट पिळावी तसा तो बाहेर पडला आणि त्याच्या गोठलेल्या सालीवर लांब समांतर खाचा उमटल्या. त्या खाचांची दिशा पाहून लाव्हा कुठून कुठे सरकला हे ठरवता येते. पण ही सारी लिपी फार काळ टिकत नाही. अंदमानात मे ते डिसेंबर असा भरपूर पाऊस असतो. शंकूवर पडलेली ताजी राख पहिल्या काही जोरदार सरींत चिखल होऊन उताराने धावते, दगडगोटे बरोबर घेते आणि खालच्या प्रवाहांवर नवा थर अंथरते. समुद्र त्याच वेळी लाव्ह्याचे टोक फोडत असतो आणि त्याची काळी वाळू करत असतो. सप्टेंबरमध्ये पडलेली राख आज तिथे पडल्या जागी सापडेल असे मला वाटत नाही.

अशा बदलांची सलग नोंद ठेवली तर काय हाती लागते, याचे उदाहरण आइसलँडच्या दक्षिणेस आहे. १४ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथे समुद्रातून सुर्ट्सी नावाचे बेट वर आले आणि जून १९६७ पर्यंत उद्रेक चालू राहिला. त्याच काळात शेजारी आणखी दोन छोटी बेटे डोके वर काढून गेली, पण ती निव्वळ राखेची असल्यामुळे लाटांनी लवकरच धुऊन नेली. सुर्ट्सीवर मात्र १९६४ पासून लाव्हा वाहू लागला आणि त्याच्या कठीण आवरणामुळे ते वाचले. तिथे संशोधकांखेरीज कोणालाही पाऊल ठेवू दिले जात नाही, आणि म्हणूनच तिथले मोजमाप विश्वासार्ह आहे. उद्रेक संपला तेव्हा बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २.७ चौरस किलोमीटर होते, ते आता निम्म्यावर आले आहे. पण उरलेले बेट दिवसेंदिवस अधिक टणक होत गेले. आतल्या उष्णतेने तापलेले पाणी सैल राखेतून फिरत राहिले, राखेतली ज्वालामुखी काच बदलून नवी खनिजे झाली, आणि त्या खनिजांनी कण एकमेकांना सांधले. भूशास्त्रात अशा घडणीला हजारो वर्षे लागतात असे मानले जाई, ती तिथे थोड्या वर्षांत घडताना लोकांनी पाहिली. १९७९ मध्ये तिथे छिद्र पाडून नमुने घेतले आणि २०१७ मध्ये पुन्हा घेतले, म्हणून दोन्हींची तुलना करता आली.

दुसरे उदाहरण दुःखद आहे आणि ते बॅरनच्याच कमानीतले आहे. इंडोनेशियातील अनाक क्राकाटोआ हे बेट १९२० च्या दशकाच्या अखेरीस समुद्रातून वर आले आणि उद्रेकागणिक वाढत गेले. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री त्याचा नैर्ऋत्येकडचा उतार समुद्रात कोसळला, ३३८ मीटर उंचीचा डोंगर सुमारे ११० मीटरवर आला आणि उसळलेल्या त्सुनामीने चारशेहून अधिक माणसे गेली. किनाऱ्यावरच्या लोकांना सावध करील असा मोठा भूकंप त्याआधी झालाच नव्हता. बॅरनवर असे काही होणार आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. तसे म्हणायला आधार नाही. परंतु राख आणि लाव्हा यांच्या आलटूनपालटून थरांनी बनलेला, तीव्र उताराचा, पाण्यात उभा असलेला डोंगर किती फुगला, किती खचला, कोणत्या बाजूला जड झाला हे मोजत राहणे हे अशा बेटाच्या बाबतीत किमान कर्तव्य आहे.

आपल्याकडे हे काम करणारी माणसे नाहीत, असे मुळीच नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मॅलेट यांनी १८८० च्या दशकात या बेटाचे तपशीलवार वर्णन केले होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अभय मुधोळकर आणि त्यांचे सहकारी जानेवारी २०१७ मध्ये 'सिंधू संकल्प' या जहाजावरून समुद्रतळाचे नमुने घेत असताना बॅरन त्यांच्या डोळ्यांदेखत राख उडवू लागले. त्यांनी सुमारे मैलभर अंतरावरून त्याचे निरीक्षण केले आणि आसपासच्या गाळातून काळे ज्वालामुखीय कण मिळवले. पण जहाज योगायोगाने तिथे होते म्हणून ती नोंद झाली. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेला निसार हा रडार उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच भूभागावरून जातो आणि जमिनीची सेंटिमीटरहून कमी हालचालही टिपू शकतो. त्याला पाऊस, ढग किंवा रात्र आड येत नाही. बॅरनसारख्या दुर्गम बेटासाठी याहून सोयीचे साधन मिळणे कठीण आहे.

म्हणून संबंधित शासकीय संस्थांना माझी विनंती आहे की, बॅरनच्या प्रत्येक उद्रेकानंतर ठरावीक मुदतीत तीन गोष्टी जनतेसमोर ठेवाव्यात : शंकूची नवी उंची, लाव्हा कुठवर पोहोचला त्याचा नकाशा, आणि किनारा किती सरकला याचे मोजमाप. नमुने गोळा करायचे तर जानेवारी ते एप्रिल हा समुद्र शांत असण्याचा काळ सोडू नये, कारण मे महिन्यात पाऊस सुरू झाला की बरेच पुरावे वाहून जातात. आणि संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती. सप्टेंबरमधला आगीचा फोटो आपण पहिल्या पानावर छापला होता. तो नकाशा जेव्हा प्रसिद्ध होईल, तेव्हा त्यालाही आतल्या पानावर का होईना, चार स्तंभांची जागा द्यावी. शाळांतले भूगोलाचे शिक्षक तो कापून वर्गात लावतील, याची मला खात्री आहे.

आपला विश्वासू,
भूशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, पुणे