भीती एकीकडे, पुरावा दुसरीकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नैराश्यावरील विद्युत उपचारांविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. घरच्या घरी डोक्याला लावायच्या हेडसेटचे कौतुक दोन रकाने भरून, आणि ईसीटीची, म्हणजे डोक्याला विजेचा प्रवाह देऊन मुद्दाम फीट आणायच्या, लोक ज्याला शॉक म्हणतात त्या उपचाराची, ‘जुनाट अघोरी पद्धत’ म्हणून एका वाक्यात बोळवण. मी नोकरीतली बरीच वर्षे मनोविकार विभागात, त्यातही ईसीटीच्या खोलीत, परिचारिका म्हणून काढली आहेत. पुरावा लेखात दाखवला आहे त्याच्या नेमका उलट आहे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

1938 साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी पहिल्यांदा हा उपचार दिला, तेव्हा ना भूल होती ना स्नायू सैल करणारे औषध. फीटच्या झटक्यात हाडे मोडत. लोकांच्या डोक्यात बसलेले चित्र त्या काळातले आहे. आज रुग्ण उपाशीपोटी येतो, सुई लागते, भूलतज्ज्ञ उशाशी उभा असतो, ऑक्सिजन चालू असतो. भूल चढली की स्नायू सैल करणारे इंजेक्शन देण्याआधी आम्ही एका घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा आवळून फुगवायचो, म्हणजे ते औषध त्या पावलात उतरत नाही. मग प्रवाह दिला की बाकीचे शरीर जवळजवळ निश्चल, आणि तेवढे एक पाऊल थरथरते. झटका किती सेकंद चालला ते त्या पावलावरून आणि ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीच्या, कागदावरून मोजायचे. बहुधा मिनिटाच्या आत सगळे आटोपते. पहिल्यांदा पाहायला आलेले शिकाऊ डॉक्टर ‘झालं? एवढंच?’ असे विचारायचे.

गुणाचे म्हणाल, तर 2003 साली ‘लॅन्सेट’मध्ये जुन्या चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. भूल देऊन प्रवाह न देता केलेल्या नकली उपचारापेक्षा खरा ईसीटी सरस ठरला, औषधांपेक्षाही. अन्नपाणी सोडलेला, भिंतीकडे तोंड करून पडलेला रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात स्वतःहून चहा मागतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. मृत्यूचा धोका लाख उपचारांमागे साधारण दोन.

पण स्मरणशक्तीच्या तक्रारीला ‘गैरसमज’ म्हणून वाटेला लावणारे डॉक्टरही मला पटत नाहीत. शुद्धीवर आल्यावर रुग्ण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. तो गोंधळ थोड्या वेळात ओसरतो. काहींच्या मात्र उपचाराच्या आगेमागच्या काही आठवड्यांच्या, क्वचित महिन्यांच्या आठवणी कायमच्या पुसल्या जातात. न्यूयॉर्क परिसरातल्या सात रुग्णालयांच्या 2007 सालच्या अभ्यासात सहा महिन्यांनंतरही हा परिणाम दिसला, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड लावलेल्यांत तो जास्त होता. उजव्या एकाच बाजूला, अतिशय आखूड स्पंदांचा प्रवाह दिला तर स्मृतीला इजा कमी होते. तेव्हा नातेवाइकांनी सहीआधी ‘एका बाजूने देणार की दोन्ही?’ हे विचारायलाच हवे. माझ्या अनुभवात तसे विचारणारे फार थोडे.

आता हेडसेट. यातल्या उपचाराला, म्हणजे कवटीवरून मेंदूला मंद विद्युत प्रवाह देण्याला, टीडीसीएस म्हणतात. ईसीटीत प्रवाह सुमारे 800 मिलिअँपिअर असतो, इथे जेमतेम 2. झटका येत नाही, भूल लागत नाही, कपाळावर मुंग्या येतात एवढेच. म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, आणि बव्हंशी आहेही. पण गुण येतो का? 2017 साली ब्राझीलमधल्या 245 रुग्णांच्या चाचणीत तो नकली उपचारापेक्षा बरा ठरला, पण एसिटालोप्राम या नेहमीच्या गोळीच्या तोडीचा आहे हे काही सिद्ध झाले नाही. 2023 साली जर्मनीत गोळ्या चालू असलेल्या रुग्णांना जोडीला टीडीसीएस दिला. नकली गटाहून काही फरक नाही. 2024 मध्ये तर घरी वापरायच्या यंत्राच्या दोन चाचण्या छापून आल्या. एकीत 174 रुग्णांपैकी खऱ्या गटात सुमारे 45 टक्के लक्षणमुक्त झाले, नकलीत 22 टक्के. दुसरीत, 210 रुग्णांच्या, काहीच फरक निघाला नाही. आपल्या लेखात फक्त पहिली होती. तिच्यातही नकली गटातला दर पाचामागे एक जण प्रवाहाविना बरा झाला, आणि खरा प्रवाह मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी तो ओळखला होता, हे सांगायचे राहून गेले.

वर मी निरुपद्रवी म्हटले, त्यालाही अपवाद आहेत. इलेक्ट्रोडखालचा ओला स्पंज कोरडा पडला तर त्याखालची कातडी भाजते. ब्राझीलच्या चाचणीत टीडीसीएस घेणाऱ्या दोघांना उन्माद झाला, म्हणजे मन नैराश्याच्या उलट टोकाला, अति उत्तेजित अवस्थेत गेले. बॅटरी आणि तारा जोडून घरी यंत्र बनवणारे तर वेगळेच प्रकरण. त्यांच्यासाठी 2016 साली मेंदू-संशोधकांना एकत्र येऊन इशाऱ्याचे खुले पत्र लिहावे लागले.

चुंबकीय स्पंदांचा आरटीएमएस या दोहोंच्या मधला. त्याला अमेरिकेत 2008 पासून मान्यता आहे आणि फीट येण्याचा धोका अगदी थोडा. त्यावर लेखात एक ओळही नव्हती, याचे नवल वाटले.

आणखी एक गोष्ट, जी ईसीटीचे समर्थकही दडवतात. कोर्स संपल्यावर पुढचा उपचार नसेल तर आजार उलटतो. 2001 सालच्या एका चाचणीत ईसीटीने बरे झालेल्यांना नुसती नकली गोळी दिली, तेव्हा सहा महिन्यांत 84 टक्के पुन्हा आजारी पडले. नॉर्ट्रिप्टिलीन आणि लिथियम ही औषधे एकत्र घेणाऱ्यांत 39 टक्के. रुग्ण हसत घरी जातो आणि गोळ्या बंद करतो, तिथे घोटाळा होतो. पुढच्या लेखात या सहा महिन्यांविषयी लिहावे, आणि हेडसेटचा आकडा छापाल तेव्हा नकली गटाचा आकडाही त्याच ओळीत छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका