पाकीट कोमट आलं आणि वर छापलंय "तिहेरी सुरक्षा"

कस्टमर केअर टीम, नमस्कार.

तुमच्या कापलेल्या भाज्यांच्या पाकिटाबद्दल अ‍ॅपवर तक्रार टाकली तर "आमच्या भाज्या क्लोरीनच्या पाण्याने धुतलेल्या असतात, निश्चिंत राहा" असं छापील उत्तर आलं, म्हणून आता जरा सविस्तर लिहितोय.

पाकीट हातात घेतलं तर कोमट लागलं. टम्म फुगलेलं, तळाला गढूळ पाणी, गाजराचे तुकडे बुळबुळीत. आणि एक्स्पायरी अजून शिल्लक होती बरं का! वर मोठ्या अक्षरात "तिहेरी सुरक्षा", म्हणजे क्लोरीन वॉश, कमी ऑक्सिजनचं पॅकिंग आणि कोल्ड चेन (गोदामापासून दारापर्यंत माल सतत थंड ठेवणं). पद्धत चांगलीच आहे, एका उपायाने भागत नाही म्हणूनच तर तीन एकत्र लावतात, पण मग त्यातला एक वाटेत सोडून दिला तर उरलेल्या दोघांनी काय करायचं?

क्लोरीनने साधारण ९० ते ९९ टक्के बॅक्टेरिया जातात, ऐकायला भारी वाटतं, पण उरलेले तिथेच असतात आणि कापलेल्या कडांमधून रस सुटत असतो, म्हणजे त्यांच्या जेवणाची सोय झालीच. शिवाय तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरलं की माती आणि भाजीचा रस क्लोरीन खाऊन टाकतात, मग एका पानावरचे जंतू अख्ख्या लॉटला लागतात. पॅकिंगमध्ये जंतूंची वाढ रोखायला असलेला कार्बन डायऑक्साइडही थंडीतच नीट काम करतो. ५ डिग्रीच्या खाली साल्मोनेला, ई. कोलाय हे आजारी पाडणारे बॅक्टेरिया जवळजवळ वाढत नाहीत, लिस्टेरिया हा त्यांच्यातलाच एक मात्र फ्रिजमध्येही हळूहळू वाढतो, म्हणून तर एक्स्पायरी आखडती ठेवावी लागते. तुमची तारीख थंड पाकिटाची आहे, कोमट पाकिटाची नाही.

माझं पाकीट निदान फुगलं म्हणून कळलं तरी, पण ई. कोलाय असला तर वासही येत नाही, रंगही बदलत नाही, आणि ही भाजी लोक कच्चीच खातात!!

रिफंड मिळाला, त्याबद्दल बोलणं नाही. मला त्या बॅचचं गोदामापासून दारापर्यंतचं टेम्परेचर रेकॉर्ड पाहिजे, आणि धुण्याच्या पाण्यातलं क्लोरीन आणि पीएच (पाणी किती आम्लयुक्त आहे ते) किती वेळाने तपासता ते लेखी पाहिजे. पाकीट तापलं की रंग बदलणारे स्टिकर मिळतात, ते का लावत नाही तेही सांगा. आणि त्या लॉटची उरलेली पाकिटं आधी विक्रीतून काढा.

उत्तर ईमेलवरच द्या, फोन करून "सर, गैरसोयीबद्दल क्षमस्व" नको.

तुमचा एक वैतागलेला ग्राहक