भीमथडीच्या घोडीला इंचपट्टी लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचे फोटो आपल्या अंकात येतात. तापीकाठची ती यात्रा मी स्वतः पाहिली आहे. कानांची टोकं एकमेकांना टेकलेले मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरा, वाजंत्रीवर नाचणारे घोडे, आणि पेल्यातलं पाणी सांडू नये अशी रेवाल चाल. जनावरं देखणीच असतात. माझं म्हणणं वेगळं आहे.

मी मेंढपाळाची लेक. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका जत्रेत घोड्यांची स्पर्धा होती. भाऊ हौसेने आमची भीमथडी घोडी, चिमणी, घेऊन गेला. परीक्षकांनी तिच्या खांद्याशी पट्टी धरली, पन्नास इंच भरली. "हे तट्टू आहे, बाहेर घ्या," एवढंच बोलले. ना चाल बघितली, ना खूर. भाऊ एक शब्द बोलला नाही, घोडी घेऊन माघारी आला. ती आदल्याच आठवड्यात बिऱ्हाड पाठीवर घेऊन घाट चढून आली होती.

घोडं लादणं हे आमच्यात बायकांचं काम. आई पहाटे तीनला उठायची. आधी वाकळांच्या घड्या, त्यावर पाल, वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं, खुंट्या, मग हंडा-पातेली, कोंबड्यांचं डालगं, रात्री जन्मलेलं कोकरू, आणि सगळ्यात वर मी. पोटाखालून दोरी आवळून होईपर्यंत घोडी पाय हलवायची नाही. नंतर लगाम नाही, काही नाही. वरंधा घाटात शेजारून ट्रक गेला तरी ती आपली कड सोडत नसे. मुक्कामावर पुढच्या पायांना पायबंद घालून सोडली की मिळेल ते खायची. दिवाळीनंतर कोकणात उतरायचं आणि पावसाआधी वर यायचं, हे सगळं तिच्याच पाठीवर.

भीमेच्या काठची म्हणून भीमथडी. मराठ्यांच्या फौजा ज्या दख्खनी घोड्यांवर दूरवर गेल्या, त्यांचीच ही जात. आता कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली आहे. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, झंस्कारी, स्पिती यांच्या पंगतीत तिला पाट मिळाला. मग जत्रेतच तिला तट्टू म्हणून का हाकलायचं? मणिपुरी घोडं आमच्या चिमणीएवढंच ठेंगणं, पण इंफाळमध्ये पोलोच्या मैदानावर त्याला मान आहे. त्याला कोणी मारवाडी घोड्याशेजारी उभं करून मापत नाही. ज्याचा त्याचा खेळ वेगळा.

म्हणून आयोजकांना विनंती आहे. भीमथडीसाठी वेगळा गट ठेवा आणि तिच्या कामाचीच परीक्षा घ्या. ठरलेलं ओझं, वीस-पंचवीस किलोमीटरची चढउताराची वाट, आणि शेवटी डॉक्टरांची तपासणी. माझा मुलगा पशुवैद्यकीचं शिक्षण घेतो. तो सांगतो, लांब पल्ल्याच्या घोडेशर्यतींत नुसतं आधी पोचून भागत नाही. ठरलेल्या वेळेत घोड्याचे ठोके मिनिटाला ६४ पर्यंत खाली यावे लागतात, लंगडत असेल तर तो बाद. हा नियम मला फार पटला. पाठीला जखम असलेलं जनावरही बाद करा, म्हणजे आमची माणसंसुद्धा लादताना जपतील.

बक्षीस मोठं नसलं तरी चालेल. आज भीमथडीच्या शिंगराला गिऱ्हाईक नाही. मेंढपाळ बिऱ्हाडासाठी टेम्पो करायला लागले आहेत आणि भावाची पोरं विचारतात, घोडी ठेवायची कशाला? तिच्या गळ्यात बक्षिसाचा एक पट्टा पडला तर ती ठेवतील.

दिवाळी झाली की वाडे, म्हणजे आमचे मेंढरांसकटचे तळ, हलतील. परीक्षकांपैकी कोणाला यायचं असेल तर जरूर यावं. लादायला पहाटे तीनला सुरुवात होते.

आपली,
एक मेंढपाळकन्या, ता. दौंड