पावणेदहाची म्हणून सांगितलेली गाडी सव्वाबाराला आली, त्याबद्दल तक्रार

प्रति,
मॅनेजर साहेब, ट्रॅव्हल्स ऑफिस

नमस्कार साहेब,

१७ मे २०२५, शनिवार, सायन ते दारव्हा, स्लीपर, एक सीट. तिकिटावर टाइम रात्री ११ चा. तिकिटाचा आणि तुमच्या मेसेजचा फोटो सोबत जोडला आहे, आता नीट वाचा कारण तुमच्या कस्टमर केअरवाल्या पोरीने दोन्ही वेळेस अर्ध्यात फोन ठेवला.

त्या दिवशी मी मुंबईत गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडच्या कॉन्सर्टला गेलो होतो, महालक्ष्मी रेसकोर्सवर. एकटाच. आमच्या गावातून कोण येणार बाप्पा, दोस्त म्हणे एवढ्या पैशात तर डीएपी खताच्या बॅगा येतात, आणि माझं स्वतःचंच कृषी केंद्र असल्यामुळे मला उलट बोलायला जागाच नाही. पेरणीच्या तोंडावर दुकान भावाच्या भरोशावर टाकून गेलो. हे लोक २०१२ ला पण मुंबईत आले होते, तेव्हा मी अमरावतीला होस्टेलवर, खिशात मेसचेच पैसे नसायचे, आणि तसाही तेव्हा गिटारवाला स्लॅश बँडमध्ये नव्हता, तो आणि बेसवाला डफ २०१६ ला परत आले. म्हणजे गाणारा ॲक्सल, स्लॅश, डफ तिघं एका स्टेजवर आपल्या देशात पहिल्यांदा. परत येतील का माहीत नाही, साठीची माणसं आहेत.

परतीचा हिशोब मी डोकं लावून केला होता. विदर्भ एक्सप्रेस सीएसएमटीवरून संध्याकाळीच निघून जाते, ती जमणार नव्हती. आमची शकुंतला रेल्वे तर कधीचीच बंद, रूळ तेवढे राहिले. मोकळ्या मैदानात स्पीकरला रात्री १० ची लिमिट असते, म्हणजे प्रोग्राम १० च्या आत संपणार, म्हणून ११ ची गाडी पाहून मी तुमचं तिकीट काढलं. दुसऱ्या ट्रॅव्हल्सची त्याहून स्वस्त होती पण ती पावणेदहाची होती, म्हणून सोडली. हे लक्षात ठेवा, पुढे कामात येते.

आता कॉन्सर्टचं सांगतो, कारण नुकसान काय झालं ते त्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. आमच्याकडचं ऊन कोरडं, मुंबईत मेमध्ये उभ्या उभ्या शर्ट पिळून घ्यावा लागतो, तरी कोणी जागा सोडत नव्हतं. मागे पन्नाशीतले एक काका पोरीला घेऊन आले होते, ते म्हणे एकटाच आलास का, मग आमच्यात उभा राहा, आणि पाण्याची बाटली दिली. पहिल्या गाण्याला गिटार सुरू झाली आणि ड्रमचा दणका छातीत बसला, पोटात नाही, बरोबर छातीत, हेडफोनमध्ये ते कधीच होत नाही. स्लॅश ती उंच हॅट घालून, लेस पॉल गिटार मांडीजवळ लोंबकळत, मान खाली, पब्लिककडे बघत पण नव्हता आणि बोटं चालूच. मी वीस वर्षं गिटारच्या ज्या सोलो पेनड्राइव्हवरून ऐकल्या त्या माणूस समोर वाजवतोय. ओरडून ओरडून माझा घसा बसला, आणि बाजूला ओळखीचं कोणी नाही म्हणून लाज पण नाही वाटली, एकट्याने जायचा हा एक फायदा आहे.

आणि ८:४० ला तुमचा मेसेज. "आपली गाडी ९:४५ ला सुटेल, उशीर झाल्यास कंपनी जबाबदार नाही."

फोन लावला तर ऑफिसवाला म्हणे, "भाऊ, आले तर या, नाहीतर तिकीट गेलं." सोबत कोणी असतं तर एखादा लॉज पाहिला असता, टॅक्सी वाटून घेतली असती. एकट्या माणसाने रात्री मुंबईत काय करायचं? निघालो. काका म्हणे अरे मेन तर आता आहे, कुठं चाललास. त्या भागात रिक्षा चालत नाही, टॅक्सीवाला थांबेना, म्हणून महालक्ष्मीवरून लोकल, दादरला बदलून सायन. प्लॅटफॉर्मवर उभा होतो तरी गिटार ऐकू येत होती आणि मी चाललो होतो उलट्या दिशेने. स्टेजवर पियानो निघाला असेल, पॅराडाइज सिटी गाणं तर हे लोक कायम शेवटीच वाजवतात, ते मी सायनच्या फुटपाथवर कोणाच्या तरी स्टेटसवर पाहिलं, हलणारा व्हिडिओ, अर्ध्या मिनिटाचा.

कारण मी साडेनऊला हजर होतो आणि गाडी आली सव्वाबाराला.

तुमच्या पोराला विचारलं की मग मेसेज कायले टाकला? तो काय म्हणे ऐका. "पॅसेंजर टायमावर येत नाही ना भाऊ, म्हणून आम्ही अगोदरचाच टाइम टाकतो." म्हणजे गाडी ९:४५ ला सुटणारच नव्हती! हे तुम्हाला संध्याकाळीच माहीत होतं. ट्रॅफिक असतं, टायर फुटला असता तर मी एक शब्द बोललो नसतो, समृद्धीचा इगतपुरीच्या अलीकडचा तुकडा तेव्हा सुरू नव्हता, कसारा घाटात गाड्या अडकतात हे मलाही माहीत आहे. पण हे अडकणं नाही, ही थाप आहे.

आणि वरून सकाळी ड्रायव्हर म्हणे लेट झालो, दारव्ह्याले जात नाही, कारंज्याच्या इंटरचेंजवर उतरा. समृद्धीवर दुचाकी चालत नाही, म्हणून भाऊ बाहेर गाडी घेऊन उभा आणि मी मेच्या उन्हात बॅग घेऊन पायी खाली. एसीबद्दल लिहीत नाही, तो बंद होता एवढंच.

मला पूर्ण भाडं परत पाहिजे, अर्धं नाही, कूपन तर अजिबात नाही. कारंजा ते दारव्हा पैसे वेगळे. आणि गाडी लागली नसताना खोटा टाइम टाकायचा बंद करणार का, हे लेखी सांगा, नुसतं "असुविधेबद्दल क्षमस्व" नको. १५ दिवसांत उत्तर नाही आलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकतो आणि यवतमाळच्या ग्राहक आयोगात जातो. ग्राहक जिथे राहतो तिथेच केस टाकता येते आणि ५ लाखाच्या आत फी लागत नाही, हे मी वकिलाला विचारून घेतलं आहे. मुंबईहून यवतमाळला तारखेवर यायचं तुम्हीच पाहा, गाड्या तर तुमच्याच आहेत.

आपला ग्राहक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ